निवडणुकीत पानिपत होत नसते

निवडणुकीचे निकाल लागले की दोन गोष्टी हटकून पुढे येतात. पहिली म्हणजे इतिहासातली एखादी लढाई: अमक्या पक्षाचे पानिपत, तमक्या नेत्याचे वॉटर्लू. दुसरी म्हणजे हरलेल्या नेत्याचे चित्र. कुठे तो मैदानात आडवा पडलेला असतो, कुठे बोचके उचलून निघालेला असतो, कुठे विजेत्याच्या रथाखाली आलेला असतो. मोबाइलच्या जमान्यात ही चित्रे मतमोजणीच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीतच फिरू लागतात. यात वावगे काही नाही, उलट हे निर्भीडपणाचे आणि जिवंत लोकशाहीचे लक्षण आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. कालपर्यंत मिरवणाऱ्याला आज लोक हसतात, म्हणजे लोकशाहीत कोणी मोठा नाही हे सिद्ध झाले, असा त्यामागचा युक्तिवाद असतो.

मला हे मत उथळ वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: निवडणुकीतला पराभव हा ठरावीक मुदतीपुरता लोकांनी दिलेला निर्णय असतो. त्याने कोणाचा नाश होत नाही आणि कोण बरोबर, कोण चूक याचाही निवाडा होत नाही. युद्धाच्या उपमा आणि निव्वळ पराभवावर हसणारी चित्रे नेमका हा फरक पुसून टाकतात. त्यातून तीन नुकसाने होतात. जिंकलेल्यावरची नजर हटते. हरलेल्याकडे जे काम लोकांनी सोपवलेले असते ते कोणाला दिसत नाही. आणि हरणे इतके अपमानाचे होऊन बसते की सत्तेवरच्या माणसाला ते कोणत्याही किमतीवर टाळावेसे वाटू लागते. हे म्हणणे मी क्रमाने मांडतो आणि त्यावर येणाऱ्या आक्षेपांनाही उत्तर देतो.

## १. लढाई आणि निवडणूक यांची जातच वेगळी

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते एकदा नीट आठवावे. कुंजपुऱ्याच्या विजयानंतर मराठी फौजेची दक्षिणेची वाट अब्दालीने अडवली. गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली, तेव्हा अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून फौज बाहेर पडली. विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले, इब्राहिमखान गारदी पकडला जाऊन मारला गेला. दुसऱ्या दिवशी कत्तल झाली. हजारो घरांत कोणी परत आले नाही. पाच-सहा महिन्यांत नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर प्राण सोडला.

आता निवडणुकीत काय होते ते पाहावे. एका उमेदवाराला दुसऱ्यापेक्षा कमी मते पडतात. दुसऱ्या दिवशी तो जिवंत असतो, त्याचा पक्ष जिवंत असतो, त्याला मत देणारे लाखो लोक त्याच गल्लीत, त्याच गावात राहत असतात. पाच वर्षांनी, कधी त्याआधीच, तो पुन्हा अर्ज भरू शकतो. लढाईत हरलेल्याला संपवायचे असते. निवडणुकीत मात्र हरलेला शिल्लक राहील याची व्यवस्था मुद्दाम केलेली असते. माणसांनी एकमेकांची डोकी फोडण्याऐवजी ती मोजावीत, यासाठीच ही पद्धत जन्माला आली. म्हणजे जी गोष्ट युद्ध टाळण्यासाठी शोधली, तिचेच वर्णन आपण युद्धाच्या भाषेत करतो आणि तिचा मूळ हेतूच विसरतो.

हरलेल्या नेत्याला हिटलर ठरवणाऱ्या उपमेचेही असेच आहे. हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरचा 'डाउनफॉल' हा जर्मन चित्रपट २००४ मध्ये आला. त्यातला तळघरातल्या संतापाचा प्रसंग घेऊन जगभरच्या हरलेल्या नेत्यांवर विडंबने रचली गेली. साठ लाख ज्यूंच्या हत्येला जबाबदार असलेला माणूस आणि मतदानात मागे पडलेला एखादा उमेदवार एकाच चौकटीत बसवले की उमेदवाराची बदनामी होते, हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की त्या हत्याकांडाचे वजन कमी होते. इतिहासातली सर्वांत भयंकर गोष्ट रोजच्या थट्टेची वस्तू झाली की खरा धोका समोर उभा राहील त्या दिवशी त्याला ओळखायला शब्दच उरत नाहीत.

## २. उपमा नेहमी अर्धीच सांगितली जाते

ऐतिहासिक उपमेत दोन पक्ष असतात. आपण फक्त हरलेल्याचे पात्र ठरवतो आणि थांबतो. हरलेल्या पक्षाचे पानिपत झाले असे म्हटले की तो पक्ष भाऊसाहेबांच्या जागी गेला. मग जिंकलेला पक्ष कोण? उपमा प्रामाणिकपणे पूर्ण करायची तर तो अहमदशहा अब्दाली ठरतो, आणि त्याला मते देणारे मराठी मतदार दुराणी फौज ठरतात. हा अर्थ मथळा देणाऱ्या संपादकाच्या मनात नसतो, वाचकाच्याही नसतो. तरीही उपमा चालते, कारण तिच्याकडून कोणी विचाराची अपेक्षाच ठेवलेली नसते. तिच्यातून फक्त धडाम आवाज हवा असतो.

उलट्या दिशेनेही हेच होते. हरलेल्याला अफजलखान किंवा औरंगजेब केले की जिंकणारा आपोआप शिवाजी महाराजांच्या जागी बसतो. ज्याला लोकांनी पाच वर्षांसाठी नेमले आहे, ज्याला रोज प्रश्न विचारायचे आहेत, तो एका उपमेत प्रश्नांच्या पलीकडे जाऊन बसतो. महाराष्ट्रात या उपमेइतके मोठे संरक्षण दुसरे नाही. शिवाय हरलेल्याला ज्यांनी मते दिली त्यांच्या माथी नकळत शत्रुपक्षाशी हातमिळवणी केल्याचा शिक्का बसतो. सूर्याजी पिसाळ हे नाव आपण किती सहज कोणालाही चिकटवतो ते आठवावे. मतभेदाला फितुरी म्हणण्याची सवय अशा उपमांनीच अंगी मुरते.

आणखी एक गोष्ट. या उपमा इतिहास म्हणूनही कच्च्या आहेत. पानिपत म्हणजे कायमचा शेवट, असा अर्थ आपण गृहीत धरतो. पण सोळा वर्षांच्या माधवरावांनी गादी हाती घेतली, १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवले, आणि १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत. त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने या लढाईच्या कारणांचा आणि परिणामांचा शोध घेण्यासाठी प्रत्यक्ष त्या प्रदेशात हिंडून ग्रंथ सिद्ध केला. त्या अभ्यासातून हाती लागणारे प्रश्न रसदीचे आहेत, मित्र जोडण्याच्या अपयशाचे आहेत, उत्तरेतल्या राजकारणाच्या समजुतीचे आहेत. पराभवाच्या बातमीत पानिपत आले आणि यातला एकही प्रश्न आला नाही, तर तिथे इतिहास आलाच नाही.

## ३. आकडे उपमेचे ऐकत नाहीत

१९७७ चा निकाल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिरा गांधींना पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी हरवले. उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी आणि बिहारमधल्या ५४ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. पक्ष १५४ जागांवर आला. काँग्रेस संपली, असे तेव्हा अनेकांनी मानले. पण त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातल्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या, महाराष्ट्रात ४८ पैकी २० जिंकल्या होत्या, आणि देशभरात तिला एक तृतीयांशाहून अधिक मते होती. आणीबाणीचा दाह, विशेषतः सक्तीच्या नसबंदीचा, उत्तरेत जितका होता तितका दक्षिणेत नव्हता, हे त्या निकालातले समजून घेण्यासारखे सत्य होते. सर्वनाशाच्या चित्रात ते मावत नव्हते. पुढे १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या तेव्हा त्या चित्रावर विश्वास ठेवणारे चकित झाले. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना तितके आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

१९८४ मध्ये भाजपला लोकसभेत दोन जागा मिळाल्या आणि ग्वाल्हेरमध्ये खुद्द अटलबिहारी वाजपेयी हरले. पुढच्या निवडणुकीत पक्ष ८५ वर गेला. २०१४ मध्ये काँग्रेस ४४ जागांवर आली, पण तिला साडेदहा कोटींहून अधिक मते होती. आपल्या निवडणूक पद्धतीत ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, बाकीच्यांच्या मतांना जागांच्या हिशेबात किंमत नाही. म्हणून मतांतला मध्यम फरक जागांमध्ये प्रचंड होऊन दिसतो. जागांचा आकडा पाहून काढलेले प्रेताचे चित्र त्या साडेदहा कोटी माणसांनाच नाहीसे करते.

महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव तर अगदी ताजा आहे. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या आणि महायुती १७ वर राहिली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीने जिंकल्या आणि आघाडीच्या तीन पक्षांना मिळून पन्नासही जागा मिळाल्या नाहीत. मतदार तेच, सहा महिन्यांचेही अंतर नाही. जूनमध्ये एका बाजूचे पानिपत झाले असेल तर नोव्हेंबरमध्ये ती बाजू कुठून उठून आली? या काळात काय बदलले, कोणत्या योजनांनी, कोणत्या जातीय गणितांनी, कोणत्या संघटनेने बदलले, हा विचारायचा प्रश्न होता. उपमा हा प्रश्न विचारू देत नाही. ती एकदा म्हटली की विषय संपल्यासारखा वाटतो.

## ४. व्यंगचित्राचा नेम कोणावर असावा

व्यंगचित्र ही मोठी कला आहे आणि तिचा मोठेपणा तिने पत्करलेल्या जोखमीत आहे. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप सिंहासनावर असताना शार्ल फिलिपाँ याने त्याच्या चेहऱ्याचे रूपांतर नासपतीत करून दाखवले आणि राजाच्या अशा थट्टेपायी १८३१ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा ओढवून घेतली. त्याचा सहकारी ओनोरे दोमिए यालाही राजाला प्रजेचा घास गिळणारा राक्षस दाखवल्याबद्दल तुरुंगात जावे लागले. न्यूयॉर्कमध्ये शहराच्या तिजोरीवर बसलेला बॉस ट्वीड सर्वशक्तिमान होता, तेव्हा १८७१ मध्ये 'हार्पर्स वीकली'तून टॉमस नास्ट याने त्याच्यावर एकामागून एक चित्रे काढली. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, अबू अब्राहम यांनी न्हाणीच्या टबात बसल्याबसल्या वटहुकुमांवर सही करणारे राष्ट्रपती काढले. या प्रत्येक चित्रात समोरचा माणूस खुर्चीवर होता आणि काढणाऱ्याला काहीतरी गमावण्याची भीती होती.

याच नास्टची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि माझ्या मुद्द्यासाठी ती फार मोलाची आहे. १८७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत युलिसिस ग्रँट यांच्या विरोधात 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली उभे होते. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेशी दिलजमाई करावी, असे ग्रीली म्हणत. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना ही दिलजमाई वाऱ्यावर सोडेल, अशी नास्टची भीती होती, आणि पुढचा इतिहास पाहता ती निराधार नव्हती. दक्षिणेशी हात मिळवणाऱ्या ग्रीलींची त्याने जी चित्रे काढली ती कडवट होती, पण त्यांत युक्तिवाद होता. मतदान जवळ आले आणि ग्रीली हरणार हे उघड झाले, तेव्हा मात्र सूर बदलला. २ नोव्हेंबरच्या अंकात नास्टने ग्रीलींना स्ट्रेचरवर घालून घरी नेताना दाखवले. त्याच आठवड्यात, ३० ऑक्टोबरला, ग्रीलींची पत्नी वारली होती. ग्रीली हरले आणि २९ नोव्हेंबरला, निर्वाचक मंडळाच्या प्रतिनिधींनी औपचारिक मते देण्याआधीच, त्यांचाही मृत्यू झाला. त्यांच्या अंत्यविधीला विजयी अध्यक्ष ग्रँट स्वतः हजर राहिले.

या योगायोगाचा दोष मी नास्टच्या माथी मारत नाही. मला दाखवायचे आहे ते दोन चित्रांतले अंतर. चित्रकार तोच, विषय तोच, वर्ष तेच. पहिल्या प्रकारच्या चित्रांत ग्रीलींची भूमिका चुकीची का आहे हे सांगितलेले आहे. त्यांच्याशी आजही वाद घालता येतो. स्ट्रेचरच्या चित्रात सांगण्यासारखे एवढेच आहे की हा माणूस हरतो आहे. ते तर मतपेटी सांगणारच होती. व्यंगचित्रकाराने त्यात स्वतःचे काय घातले?

पराभूताचे चित्र काढूच नये, असा याचा अर्थ नाही. १९४५ च्या जुलैमध्ये युद्ध जिंकून देणारा चर्चिल निवडणूक हरला. मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. डेव्हिड लो हा डाव्या विचारांचा व्यंगचित्रकार, चर्चिलच्या पक्षाचा जुना टीकाकार. हसायला याहून चांगली संधी नव्हती. लोने दोन चर्चिल काढले: वर चौथऱ्यावर मानवतेचा युद्धनेता आणि खाली पायथ्याशी खट्टू बसलेला पक्षनेता. वरचा खालच्याला धीर देतो आहे की लोक तुला विसरतील, पण मला नाही. या एका चित्रात मतदारांचा निर्णय आहे, त्यामागचे कारण आहे आणि माणसाचे पूर्ण मोजमाप आहे. लोकांनी युद्धनेत्याचे ऋण नाकारले नाही. घरे, रोजगार, आरोग्य यांसाठी दुसरा पक्ष निवडला. हे लोला कळले होते. आणि हाच लो १९३० च्या दशकात हिटलर आणि मुसोलिनी सत्तेच्या शिखरावर असताना त्यांची इतकी खिल्ली उडवत होता की ब्रिटिश सरकारनेच त्याला हात आवरता घ्यायला सुचवले. बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण या दोघांवरही लोचा संस्कार होता. म्हणजे ही परंपरा आपल्याला परकी नाही. आपण तिच्यातली धार घेतली; तिच्यातला विवेकही घ्यायला हवा.

## ५. हरणे म्हणजे चुकणे नव्हे

निव्वळ पराभवावर हसण्यामागे एक न बोललेला सिद्धान्त असतो: जो हरला तो चुकला. हा सिद्धान्त महाराष्ट्राने तरी कधीच मानू नये. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी जिंकले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा हरले. ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्याच आधारे झालेल्या निवडणुकांत त्यांना दोनदा नकार मिळाला. त्याआधी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरही त्यांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले होते. त्या बिलाचा बराच भाग पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये कायद्यात आला. निकालाच्या दिवशी जो हरलेला दिसत होता तो विचारात पुढे होता.

उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळात आंबेडकरांवर निघालेली व्यंगचित्रे एका पुस्तकात एकत्र केली आहेत. ती आज पाहिली की वाटते, त्यांतल्या कित्येकांना समोरच्या माणसाचा विचार काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. तो एकटा आहे, संख्येने कमी आहे, त्याची मागणी फेटाळली जाणार आहे, एवढेच विनोदाला पुरेसे होते. संख्येने कमी असणाऱ्यावर हसणे हे व्यंग नाही. ज्या समाजात काही गट जन्मानेच संख्येने किंवा बळाने कमी असतात, तिथे पराभव हाच विनोद ठरवला की तो विनोद कोणाच्या वाट्याला वारंवार येणार हे आधीच ठरलेले असते.

## ६. हरलेल्याचे काम आणि हरण्याची किंमत

आपल्या संसदीय पद्धतीत पराभूताला नुसते जिवंत ठेवलेले नाही, त्याला पद दिलेले आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारने संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन आणि भत्त्यांचा कायदा केला आणि या पदाला वैधानिक मान्यता दिली. ज्यांना आणीबाणीत तुरुंगात टाकले गेले होते, त्यांनी सत्तेवर येताच हरलेल्या पक्षाच्या नेत्यासाठी हे केले. लोकसभेत त्या काळात विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण. जुलै १९७९ मध्ये त्यांनीच मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि चार दिवसांत पंतप्रधानांनी राजीनामा दिला. आणीबाणीतल्या घटनादुरुस्तीच्या बऱ्याच तरतुदी मागे घेणारी ४४ वी दुरुस्ती १९७८ मध्ये झाली, तीही राज्यसभेत बहुमत असलेल्या काँग्रेसच्या सहमतीशिवाय होऊ शकली नसती. संपलेल्या म्हटल्या गेलेल्या पक्षाला देशाने इतके काम दिले होते.

अलीकडच्या काळात आपण याच्या उलट टोकाला गेलो. दहा टक्के सदस्यसंख्येच्या संकेतामुळे २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. महाराष्ट्राच्या विधानसभेत २०२४ मध्ये विरोधातल्या एकाही पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही. सरकारवर अंकुश ठेवणारी खुर्ची रिकामी राहणे ही मतदारांच्या दृष्टीने गंभीर बातमी आहे. हरलेल्यांच्या फजितीच्या चित्रांत ती बुडून जाते. फजिती नेत्याची दिसते, पण नुकसान नागरिकाचे होते.

यापुढचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. लोकशाही टिकते ती जिंकणाऱ्यांमुळे नाही; जिंकायला कोणीही तयार असतो. ती टिकते हरणारा हार मान्य करतो म्हणून. १८०१ मध्ये जॉन ॲडम्स यांनी आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, थॉमस जेफरसन यांच्या हाती सत्ता सोपवली. मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधींनी निकाल मान्य केला आणि पायउतार झाल्या. हा शहाणपणा गृहीत धरता येत नाही, हे ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये जगाने पाहिले. सत्ता सोडणारा माणूस हिशेब करतो: सोडली तर माझे काय होईल? सोडल्यावर चौकशी होईल, टीका होईल, पुन्हा उभे राहता येईल, असे उत्तर असेल तर तो सोडतो. सोडल्यावर कायमची नामुष्की आणि सार्वजनिक धिंड आहे असे वाटले तर तो यंत्रणा वाकवतो, पक्ष फोडतो, निकालच नाकारतो. एखाद्या चित्राने कोणी हुकूमशहा होत नाही हे खरे. पण पराभवाला अपमान मानणारी संस्कृती अशाच हजार चित्रांतून घडते.

## आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: सत्तेत असताना त्यांनी उन्माद केला; आता हसले तर बिघडले कुठे? उन्मादाचा हिशेब व्हायलाच हवा. पण हशा म्हणजे हिशेब नाही. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करण्यासाठी १९७७ मध्ये न्या. जे. सी. शहा आयोग नेमला गेला. तो खरा मार्ग होता: साक्षी, कागदपत्रे, जबाबदारीची निश्चिती. त्याच वेळी सरकारने ऑक्टोबरमध्ये इंदिरा गांधींना घाईने अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्यांना सोडले. आयोगाने प्रश्न निर्माण केले, अटकेने सहानुभूती निर्माण केली. ज्याला नमवण्याची घाई होती त्यालाच बळ मिळाले.

दुसरा आक्षेप: लोकांना मोकळे व्हायचे असते. दडपणाखाली दिवस काढलेल्या माणसाला हुकूमशाहीवृत्तीचा नेता हरल्यावर हसू फुटले तर मी त्याला दोष देणार नाही. मार्च १९७७ मधला आनंद खरा होता. माझा प्रश्न त्यांना आहे ज्यांचे कामच लिहिणे आणि चित्र काढणे आहे. नागरिकाची सुटका आणि संपादकाचे कर्तव्य यांत अंतर असते. आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपच्या काळात जे गप्प होते आणि निकालानंतर ज्यांच्या लेखणीला धार आली, त्यांना त्या धारेबद्दल शाबासकी देता येणार नाही.

तिसरा आक्षेप: उपमा ही केवळ उपमा असते, तिला इतके गंभीरपणे घेऊ नये. उपमा निरुपद्रवी असती तर प्रचारात तिच्यावर इतका जोर दिला गेला नसता. महाराष्ट्रात इतिहासातल्या नावांवरून रस्ते बंद होतात, गुन्हे दाखल होतात, गावे पेटतात. ज्या नावांत एवढी ताकद आहे ती नावे निकालाच्या दिवशी मात्र पोकळ असतात, हे म्हणणे टिकत नाही.

चौथा आक्षेप: याने व्यंगचित्रकारांवर बंधने येतील. हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले आंबेडकर आणि नेहरूंचे चित्र २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातून वगळले गेले. पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तो मार्ग मला मुळीच मान्य नाही. बंदी, खटला, तोडफोड यांतले काहीही मी सुचवत नाही. वाईट चित्राला उत्तर टीकेने आणि अधिक चांगल्या चित्राने द्यावे. कायद्याने जे करण्याची मुभा आहे ते सगळे मोलाचे असते असे नाही, आणि मोलाचे काय हे ठरवण्याचा वाद घालणे हेच वैचारिक जीवनाचे काम आहे.

पाचवा आक्षेप: मग विरोधकांवर टीकाच नको का? जरूर हवी. विरोधी पक्ष सभागृहात गैरहजर राहतो, पर्याय देत नाही, घराणेशाही सोडत नाही, तेव्हा त्याच्यावर कठोर चित्र काढावे. तो हरला म्हणून काढू नये. काम करत नाही म्हणून काढावे.

## तीन कसोट्या

एवढ्या विवेचनातून मला तीन साध्या कसोट्या दिसतात. संपादक, चित्रकार आणि ती चित्रे पुढे पाठवणारा वाचक, तिघांनाही त्या लागू पडतात.

एक, उलटसुलट कसोटी. निकाल उलटा लागला असता तर हेच चित्र नावे बदलून दुसऱ्यावर काढता आले असते का? आले असते, तर त्या चित्रात त्या नेत्याविषयी काहीच नाही. फक्त निकाल आहे.

दोन, पूर्ण उपमेची कसोटी. इतिहासातली तुलना करायची तर दोन्ही बाजूंची पात्रे ठरवून, कारणे जुळतात का हे पाहून करावी. जिंकणाऱ्याचे नाव घेताना जीभ अडखळली तर उपमा टाकून द्यावी.

तीन, खुर्चीची कसोटी. हे चित्र तो सत्तेवर असताना आपण काढले होते का? काढले असेल तर पराभवानंतरही ते काढण्याचा नैतिक अधिकार आहे. नसेल, तर आज पहिले चित्र नव्या सत्ताधाऱ्याचे निघायला हवे, कारण शपथविधीच्या दिवशी आपल्या आयुष्यावर अधिकार त्याचा सुरू होतो.

या कसोट्या लावल्या तर विनोद कमी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तो अधिक अवघड होईल, आणि अवघड विनोदच टिकतो. प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी हरणार आहे; आज ज्याला आपण मत दिले तोही एक दिवस हरणार आहे. त्या दिवशी त्याने निकाल मान्य करून विरोधी बाकावर जाऊन बसावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्या बाकाची प्रतिष्ठा आपण आजपासूनच राखली पाहिजे.